तोलामोलाचा खेळ

गावच्या जत्रेत कुस्त्यांचा फड भरतो, तेव्हा आखाड्यात कोणीही कोणाशीही झुंजत नाही. जाणती मंडळी दोन्ही मल्लांचे वय, अंगलोट आणि तयारी पाहतात व मगच त्यांची जोड लावतात. कोवळ्या पोरासमोर कसलेला पहिलवान उभा केला, तर एकाला दुखापत होते आणि दुसऱ्याला विजयाचा आनंदही लाभत नाही. तुमच्या अंगणातील खेळांतही हाच न्याय चालतो. लपंडाव खेळताना धाकट्या भावंडाला तुम्ही 'लिंबूटिंबू' ठरविता. तो सर्वांबरोबर धावतो, लपतो, हसतो. पण सापडला तरी त्याच्यावर राज्य येत नाही. हा नियम तुम्हांला कोणी शाळेत शिकविलेला नाही. खेळ आणि खेळणारा यांचा मेळ बसला, तरच खेळात गोडी असते, हे मुलांना अनुभवानेच कळते.

परंतु मोबाइलच्या किंवा संगणकाच्या पडद्यावरील खेळ निवडताना मात्र हे शहाणपण आपण विसरतो. वर्गातील एखादा मित्र म्हणतो, "हा खेळ फार भारी आहे," आणि तेवढ्यावरच आपण तो उतरवून घेतो. तेथे जोड लावून देणारा वस्ताद जवळ नसतो. म्हणून त्याचे काम आपणच शिकून घेतले पाहिजे.

पडद्यावरील खेळांचा इतिहास फार जुना नाही. १९५८ साली अमेरिकेतील ब्रुकहेवन येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या भौतिकशास्त्रज्ञाने, प्रयोगशाळा पाहावयास येणाऱ्या लोकांच्या करमणुकीसाठी, एका उपकरणाच्या लहानशा पडद्यावर टेनिसचा खेळ करून दाखविला. पुढे १९७२ साली 'पाँग' नावाचा खेळ निघाला व तो लोकप्रिय झाला. या खेळांत एक ठिपका आणि काही रेघा यांखेरीज दुसरे काही नव्हते. आजोबा आणि नातू दोघांनीही खेळावे, असेच त्यांचे स्वरूप होते. पुढे यंत्रे सुधारली. पडद्यावरील माणसे खऱ्या माणसांसारखी दिसू लागली, कथा रचल्या जाऊ लागल्या आणि त्यांतील काही कथा केवळ प्रौढांसाठीच लिहिल्या गेल्या. ग्रंथालयात बालगोष्टी आणि प्रौढांच्या कादंबऱ्या वेगवेगळ्या कपाटांत असतात. खेळांच्या दुकानातही तशी कपाटे हवीत, असे लोकांना वाटू लागले.

अमेरिकेत काही खेळांतील हिंसक दृश्यांवरून मोठा वाद माजला. १९९३ साली तेथील सिनेटमध्ये या प्रश्नाची सुनावणी झाली आणि १९९४ साली खेळांवर वयाचा शिक्का मारणारे ईएसआरबी हे मंडळ स्थापन झाले. युरोपात २००३ साली पेगी नावाची अशीच पद्धती सुरू झाली. पेगीच्या शिक्क्यावर ३, ७, १२, १६ किंवा १८ यांपैकी एक आकडा असतो. पहिले दोन आकडे हिरव्या रंगात, मधले दोन नारिंगी रंगात आणि शेवटचा तांबड्या रंगात छापतात. आपल्या देशातही मोबाइलवर खेळ उतरवून घेण्याच्या ठिकाणी खेळाच्या नावाजवळ असा आकडा दिलेला आढळतो.

या आकड्याचा अर्थ काय? ३ हा आकडा असलेल्या खेळात लहान मुलाला भय वाटेल असे काही नसते. ७ चा आकडा असेल, तर थोडी भीती वाटण्याजोगी चित्रे वा आवाज त्यात असू शकतात. १२ च्या खेळात मारामारी असली, तरी ती बहुधा कल्पित प्राण्यांशी किंवा खरी न वाटणारी असते. १६ च्या खेळात ती प्रत्यक्षासारखी दिसू लागते आणि १८ चे खेळ तर केवळ प्रौढांसाठीच असतात. पुष्कळ मुलांना वाटते की, जितका आकडा मोठा तितका खेळ उत्तम. हा भ्रम होय. औषधाच्या बाटलीवर 'लहान मुलांस देऊ नये' असे लिहिलेले असते. म्हणून ते औषध अधिक गुणकारी आहे असे कोणी मानत नाही. अकाली पाहिलेले भीषण दृश्य पडदा बंद केल्याबरोबर मनातून पुसले जात नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर ते पुनः डोळ्यांसमोर उभे राहते आणि त्या वेळी ते बंद करण्याची कळ आपल्या हाती नसते.

तथापि वयाचा हा आकडा एका महत्त्वाच्या गोष्टीविषयी मुळीच बोलत नाही. खेळ सोपा आहे की अवघड, हे त्यावरून समजत नाही. बुद्धिबळाचेच उदाहरण घ्या. त्यात भयंकर दृश्य नाही, अपशब्द नाही. शिशुवर्गातील मुलाच्या हाती तो पट देण्यास काहीच हरकत नाही. पण हाच खेळ आत्मसात करण्यात मोठमोठ्या खेळाडूंचे सारे आयुष्य जाते. म्हणून खेळ निवडताना दोन प्रश्न निरनिराळे विचारावयास हवेत. पहिला, 'हा खेळ माझ्या वयाला साजेसा आहे काय?' आणि दुसरा, 'हा खेळ माझ्या कौशल्याला पेलणारा आहे काय?' पहिल्याचे उत्तर शिक्का देतो. दुसऱ्याचे उत्तर आपले आपणच शोधावे लागते.

कौशल्याचा विचार उत्तम खेळ तयार करणारे लोकही करीत असतात. जपानमधील शिगेरु मियामोतो यांचा 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा खेळ १९८५ साली प्रसिद्ध झाला. त्याचा पहिला टप्पा पाहण्यासारखा आहे. आरंभी नायक पडद्याच्या डाव्या बाजूला उभा असतो आणि उजवीकडे मोकळी जागा असते. साहजिकच खेळणारा उजवीकडे जातो. लगेच एक शत्रू चालत येतो. उडी मारली नाही, तर डाव संपतो. पण नुकताच आरंभ झालेला असल्यामुळे काही विशेष गमवावे लागत नाही. पुढे दोन पायऱ्यांच्या मध्ये प्रथम साधी जमीन येते आणि त्यानंतर तशाच पायऱ्यांच्या मध्ये खड्डा येतो. म्हणजे उडीचा सराव आधी सुरक्षित जागी होतो व परीक्षा मागाहून होते. चांगला शिक्षक असाच शिकवितो.

याच खेळाचा दुसरा भाग १९८६ साली जपानमध्ये निघाला. तो फारच कठीण होता. त्यात विषारी अळंबी होती, नायकाला वाहून नेणारा वारा होता. अमेरिकेतील नव्या खेळाडूंना तो झेपणार नाही, असे तेथील चालकांना वाटले. त्यांनी १९८८ साली त्याच नावाने एक निराळाच खेळ अमेरिकेत आणला. तो अवघड भाग तेथील खेळाडूंच्या हाती पडला १९९३ साली. नायक तोच, कंपनी तीच; पण खेळणाऱ्यांची तयारी वेगळी, म्हणून खेळही वेगळा निवडावा लागला.

आपल्या कौशल्याचे माप कसे घ्यावे? मिहाय चिक्सेंटमिहायी या मानसशास्त्रज्ञाने बुद्धिबळपटू, गिर्यारोहक, शल्यवैद्य अशा अनेकांशी बोलून, मनुष्य एखाद्या कामात रंगून केव्हा जातो, याचा अभ्यास केला. १९७५ साली त्याने आपले विचार ग्रंथरूपाने मांडले. काम शक्तीबाहेरचे असले, तर मन धास्तावते. शक्तीच्या मानाने अगदी हलके असले, तर ते कंटाळते. या दोहोंच्या मध्ये जी जागा असते, तेथेच मन रमते. ही कसोटी तुम्हांलाही लावता येईल. अर्धा तास खेळूनही तुम्ही का हरता हेच कळत नसेल, तर तो खेळ सध्या जड आहे, तो थोडे दिवस बाजूस ठेवावा. लक्ष न देताही जिंकत असाल, तर पुढची पायरी घ्यावी. हरलात, पण चूक कोठे झाली ते उमगले आणि 'आता जमेल' असे वाटले, तर तो खेळ तुमच्या तोलामोलाचा आहे असे समजावे.

कौशल्येही अनेक प्रकारची असतात. कोणाचे डोळे आणि बोटे चपळ असतात, कोणाची स्मरणशक्ती तीव्र असते, कोणाजवळ धीर असतो. रशियातील संगणकतज्ज्ञ अलेक्सेय पाजित्नोव यांच्या 'टेट्रिस' या खेळात वरून पडणारे तुकडे नीट रचावयाचे असतात. आपण पुढे जाऊ तसतसा त्यांचा वेग वाढतो. 'माइनक्राफ्ट'मध्ये घरे, पूल, बोगदे बांधता येतात आणि खेळ शांत, सोपा, मध्यम की कठीण असावा, हे खेळणाराच ठरवू शकतो. सोपी पायरी घेण्यात कमीपणा नाही. २००९ सालच्या मारिओच्या एका खेळात एकाच टप्प्यावर आठ वेळा हरल्यानंतर मदत मागण्याची सोय आहे. २०१८ सालच्या 'सेलेस्ट' या अवघड खेळाची गती कमी करता येते. ज्यांची बोटे पुरेशी हालत नाहीत, अशा खेळाडूंनाही त्यामुळे तो डोंगर चढता येतो.

आणखी दोन गोष्टींवर नजर असावी. पहिली पैशाची. पुष्कळ खेळ आरंभी फुकट मिळतात व नंतर पावलोपावली वस्तू विकत घ्यावयास लावतात. काहींत तर पैसे देऊन बंद पेटी घ्यावयाची असते आणि तीत काय निघेल ते दैवावर असते. अशा पेट्या म्हणजे जुगारच, असा निर्णय बेल्जियममध्ये २०१८ साली देण्यात आला. आपल्या संसदेनेही २०२५ साली, पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा संमत केला. दुसरी गोष्ट अनोळखी माणसांची. दूरच्या खेळाडूशी बोलता येणाऱ्या खेळात आपले नाव, शाळा वा पत्ता कोणासही सांगू नये.

निवडलेला खेळ थांबविता येतो की नाही, हेही पाहावे. स्वतःवर ताबा न राहणे, अभ्यास, झोप व मित्र यांहून खेळच मोठा वाटणे आणि नुकसान दिसत असूनही तो न सुटणे, अशी लक्षणे दीर्घकाळ टिकल्यास तो विकार समजला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या नव्या यादीत त्याचा समावेश असून ती यादी २०२२ पासून अमलात आली आहे. प्रत्येक खेळणारा काही रोगी नव्हे. पण ज्याला योग्य वेळी हातातील यंत्र खाली ठेवता येते, तोच त्या खेळाचा खरा धनी.

विद्यार्थ्यांनो, नवा खेळ घेण्यापूर्वी शिक्क्यावरील आकडा वाचा, घरातील वडील माणसांना तो दाखवा आणि कोणी खेळत असेल तर दहा मिनिटे शेजारी बसून पाहा. एक गोष्ट मात्र विशेष ध्यानात ठेवा. तुम्ही बारा वर्षांचे असाल व बारा वर्षांसाठी असलेलाच खेळ खेळत असाल. पण तुमच्या मांडीला मांडी लावून पाच वर्षांचा भाऊ तोच पडदा पाहत असेल, तर तो खेळ त्याच्यासाठी योग्य नव्हे. खोलीतील सर्वांत लहान डोळ्यांना काय पाहवेल, याचा विचार मोठ्याने करावयाचा असतो. अशा वेळी त्याला पेलेल असा खेळ लावा, एक डाव त्याला द्या आणि तो हरला तर 'लिंबूटिंबू' म्हणून पुनः आरंभ करू द्या.

अभ्यास

१. कुस्तीची जोड लावताना जाणती मंडळी कोणत्या गोष्टी पाहतात?
२. खेळावरील वयाच्या आकड्यावरून काय समजते व काय समजत नाही? बुद्धिबळाच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
३. 'सुपर मारिओ ब्रदर्स'चा पहिला टप्पा चांगल्या शिक्षकासारखा आहे, असे लेखक का म्हणतो?
४. तुमच्या धाकट्या भावंडासाठी एक खेळ निवडा व तो का निवडला, ते आठ-दहा ओळींत लिहा.