केटामिन : भुलेचें औषध आणि मनाचा आजार

तापावरचें औषध घेतलें कीं तासाभरांत अंग घामेजतें. दुखऱ्या दाढेवरची गोळी जेवणाच्या वेळेपर्यंत आपलें काम करते. मनाच्या आजारावरील औषधांची रीत मात्र वेगळी. नैराश्यानें ग्रासलेल्या मनुष्याला डॉक्टर जी गोळी लिहून देतात, तिचा गुण दिसूं लागण्यास दोन आठवडे, चार आठवडे, कधीं कधीं सहा आठवडेही लागतात. एकीनें गुण न आल्यास दुसरी. आणि तिचेही तितकेच आठवडे. ज्याला अन्न गोड लागत नाहीं, पहाटे तीन वाजतां जाग आल्यावर ज्याचा पुन्हां डोळा लागत नाहीं, आणि जगण्यापेक्षां मरण बरें हा विचार ज्याच्या मनांत घोळत असतो, त्यानें हे आठवडे कसे काढावयाचे, हा प्रश्न डॉक्टरांना आणि घरच्या माणसांना सारखाच भेडसावीत आलेला आहे. केटामिनकडे मानसोपचारशास्त्राचें लक्ष वेधलें तें मुख्यतः या एका प्रश्नामुळें.

नैराश्यावरील पहिलीं औषधें योगायोगानेंच सांपडलीं. १९५२ सालीं न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयांत क्षयरोग्यांना आयप्रोनियाझिड देण्यांत आलें, तेव्हां त्या रोग्यांचा उत्साह कांहीं विलक्षणच वाढलेला दिसला. स्वित्झर्लंडमध्यें डॉ. रोलंड कून यांनीं इमिप्रामिन हें औषध दुसऱ्याच एका मनोविकारासाठीं तपासून पाहिलें, आणि त्याचा उपयोग नैराश्यावर होतो असें १९५७ सालीं प्रसिद्ध केलें. पुढें पन्नास वर्षें जीं औषधें निघालीं तीं बहुतेक याच दोघांच्या कुळांतलीं. त्यांनीं असंख्य लोकांना संसारांत परत आणलें, हें विसरतां कामा नये. परंतु दोन औषधें पुरेशा मात्रेंत व पुरेसे दिवस घेऊनही ज्यांना उतार पडत नाहीं, अशा रोग्यांचें प्रमाण सुमारें एक तृतीयांश धरतात. आणि हा हिस्सा लहान म्हणतां येत नाहीं.

केटामिनचें कूळ अगदीं निराळें. अमेरिकेंतील डेट्रॉइट येथील पार्क-डेव्हिस या औषधांच्या कंपनीला भुलेचें नवें औषध हवें होतें. फेन्सायक्लिडीन या तिच्या आधींच्या औषधानें भूल चांगली येई, पण शुद्धीवर येतांना रोगी बराच वेळ भ्रमांत असत. त्याच घराण्यांतील सौम्य औषधाच्या शोधांत असतां कॅल्व्हिन स्टीव्हन्स या रसायनशास्त्रज्ञानें १९६२ सालीं केटामिन तयार केलें. १९६४ सालीं तें प्रथम माणसांना टोचण्यांत आलें. हीं माणसें मिशिगनमधील तुरुंगांतले कैदी होतीं; कैद्याच्या संमतीला संमति म्हणावें कीं नाहीं, याची चौकशी त्या काळीं फारशी कोणी करीत नसे. औषध दिलेल्या माणसाचे डोळे उघडे राहत, श्वास चालू असे, पण आपण देहापासून दूर कोठें तरी तरंगत होतों असें तो मागाहून सांगे. प्रयोग करणारे डॉ. एडवर्ड डॉमिनो यांच्या पत्नीनें हें वर्णन ऐकून, मन देहापासून विलग करणारी भूल अशा अर्थाचें नांव सुचविलें आणि शास्त्रांत तेंच रूढ झालें.

१९७० सालीं या औषधाला अमेरिकेंत मान्यता मिळाली आणि व्हिएतनामच्या युद्धांत जखमी सैनिकांवर त्याचा फार उपयोग झाला. इतर भुलेच्या औषधांनीं श्वास मंदावतो, रक्तदाब घसरतो. केटामिननें सहसा तसें होत नाहीं. त्यामुळें जेथें विजेचा भरंवसा नाहीं, प्राणवायूची टाकी वेळेवर मिळत नाहीं आणि भूल देणारा तज्ज्ञ दूरच्या शहरीं असतो, अशा लहान रुग्णालयांना हें औषध म्हणजे मोठाच आधार. भारतांतील खेड्यापाड्यांत शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना हें सांगावें लागत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादींत तें १९८५ पासून आहे.

या भुलेच्या बाटलीकडे मनाच्या डॉक्टरांनीं वळावें, हा आणखी एक योगायोग. येल विद्यापीठांतील संशोधकांनीं २००० सालीं अवघ्या सात रोग्यांवरील प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. भुलेसाठीं एकदम जितकें द्यावें लागतें त्याच्या निम्मी किंवा त्याहूनही कमी मात्रा — शरीराच्या दर किलो वजनाला अर्धा मिलिग्रॅम — शिरेंतून चाळीस मिनिटें हळूहळू सोडली असतां रोग्यांचें मन हलकें झालें, आणि तेंही कांहीं तासांत. २००६ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेंत डॉ. कार्लोस झाराटे यांनीं, पूर्वींच्या औषधांनीं गुण न आलेल्या रोग्यांवर तोच प्रयोग केला. सतरांपैकीं बारा रोग्यांचीं लक्षणें दुसऱ्या दिवशीं निम्म्यावर किंवा त्याहून खालीं आलीं. आठवड्यानंतर मात्र ही सुधारणा टिकलेले रोगी सहाच उरले. केटामिनची सारी थोरवी आणि सारी अडचण या दोन आंकड्यांत आहे. गुण लवकर येतो. आणि लवकर ओसरतोही.

हें घडतें कसें? मेंदूंतील मज्जापेशी एकमेकींशीं बोलतात त्या कांहीं रासायनिक द्रव्यांच्या द्वारें. जुन्या गोळ्यांचा संबंध सेरोटोनिनसारख्या द्रव्यांशीं; केटामिनचा संबंध ग्लुटामेटशीं. ग्लुटामेटसाठीं पेशीच्या अंगावर जीं निरनिराळीं द्वारें असतात, त्यांपैकीं एक केटामिन अडवून धरतें. येल येथेंच डॉ. रोनाल्ड डुमन व त्यांचे सहकारी यांनीं २०१० सालीं उंदरांवरील प्रयोगांत असें दाखविलें कीं, औषध दिल्यावर थोड्याच वेळांत मज्जापेशींमध्यें नवे सांधे निर्माण होऊं लागतात. दीर्घ ताणानें हे सांधे झडतात, हें आधींच माहीत होतें. म्हणजे पानगळ झालेल्या झाडाला पालवी फुटावी तसा हा प्रकार. हें चित्र मनाला पटणारें आहे; परंतु उंदराला नैराश्य आलें आहे हें ठरविणें हीच मुळांत अवघड गोष्ट असल्यामुळें, तें माणसाला जसेंच्या तसें लावण्याची घाई शहाणे संशोधक करीत नाहींत.

याहून मोठी शंका प्रयोगांच्या पद्धतीविषयीं आहे. औषधाची परीक्षा घेतांना कांहीं रोग्यांना खरें औषध व कांहींना मिठाचें पाणी देतात, आणि कोणाला काय दिलें हें रोग्याला कळूं देत नाहींत. पण ज्याला केटामिन मिळालें तो घटकाभरांत देहाबाहेर तरंगूं लागतो! त्याच्यापासून काय लपणार? आपल्याला नवें, नामांकित औषध मिळालें या जाणिवेनेंच मन उभारी धरूं शकतें. ही शंका फेडण्यासाठीं स्टॅनफर्ड विद्यापीठांतील डॉक्टरांनीं मोठ्या चातुर्याची योजना केली. नैराश्य असलेल्या आणि दुसऱ्याच कारणासाठीं शस्त्रक्रिया व्हावयाची असलेल्या चाळीस रोग्यांना, ते पूर्ण भुलेखालीं असतांना, केटामिन किंवा मिठाचें पाणी दिलें. २०२३ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला : दोन्ही गटांना सारखाच, आणि बराच मोठा, आराम पडलेला होता. यावरून केटामिन निरुपयोगी ठरतें काय? चाळीस रोग्यांवरून इतका निवाडा करतां येत नाहीं, शिवाय भुलेच्या इतर औषधांनीं त्याचा परिणाम झांकला असेल. पण ज्यांच्याकडे दिवसभर डॉक्टर व परिचारिका आस्थेनें लक्ष देतात आणि ज्यांना कांहीं तरी घडेल अशी आशा असते, त्यांच्या आजारावर त्या आस्थेचा व आशेचाही परिणाम होतो, ही गोष्ट या प्रयोगानंतर नाकारतां येत नाहीं.

त्याच वर्षीं दुसरी एक मोठी तुलना प्रसिद्ध झाली. हट्टी नैराश्यावर विजेचा उपचार, ज्याला लोक शॉक म्हणतात, हा १९३८ सालीं रोम येथें सुरू झाला आणि आजही तो फार प्रभावी समजला जातो. अमेरिकेंत ४०३ रोग्यांची दोन गटांत विभागणी करून एकाला वीज व दुसऱ्याला केटामिन देण्याचें ठरलें. तीन आठवड्यांनंतर केटामिनच्या गटांत शेंकडा ५५ व विजेच्या गटांत शेंकडा ४१ रोग्यांना चांगला गुण आला. शिवाय विजेच्या उपचारानंतर स्मरणशक्ति कांहीं काळ मंदावते, तसें केटामिननें झालें नाहीं. मात्र भ्रम किंवा भास होणारे रोगी या तुलनेंत घेतले नव्हते. अशा रोग्यांच्या नातेवाइकांनीं हे आंकडे वाचून चालू उपचार थांबविणें धोक्याचें होईल.

केटामिनच्याच अर्ध्या भागाला — एस्केटामिनला — नाकांत फवारण्याच्या रूपानें अमेरिकेंत मार्च २०१९ मध्यें मान्यता मिळाली. त्याबरोबर घातलेले नियम लक्षांत घेण्याजोगे आहेत. हा फवारा घरीं नेतां येत नाहीं. तो दवाखान्यांत घ्यावयाचा, नंतर निदान दोन तास तेथेंच देखरेखीखालीं बसावयाचें, रक्तदाब मोजून घ्यावयाचा, आणि रात्रीची झोप होईपर्यंत वाहन हांकावयाचें नाहीं. इंग्लंडमध्यें सरकारी आरोग्यसेवेला सल्ला देणाऱ्या संस्थेनें मात्र २०२२ सालीं, खर्च आणि दीर्घकालीन परिणामांची अनिश्चितता पाहून, त्याची शिफारस करण्याचें नाकारलें.

या नियमांचें कारण उघड आहे. केटामिनची चटक लागते. नशेसाठीं तें वारंवार घेणाऱ्यांच्या मूत्राशयाला इजा होते, लघवीला असह्य वेदना होतात. ऑक्टोबर २०२३ मध्यें 'फ्रेंड्स' या मालिकेंतील प्रसिद्ध अमेरिकन नट मॅथ्यू पेरी आपल्या घरच्या ऊन पाण्याच्या कुंडांत मृतावस्थेंत सांपडला. मृत्यूचें मुख्य कारण केटामिनचा तीव्र परिणाम हें ठरलें. तो नैराश्यासाठीं दवाखान्यांत हें औषध घेत असे. परंतु शेवटचा रीतसर उपचार होऊन आठवड्याहून अधिक दिवस लोटले होते, आणि त्याच्या रक्तांत पूर्ण भुलेइतकी मात्रा आढळली. तें औषध बाहेरून आलेलें होतें, आणि त्या प्रकरणीं दोन डॉक्टरांनीं पुढें न्यायालयांत गुन्हा कबूल केला. डॉक्टरांच्या खुर्चीशेजारीं जें औषध होतें, तेंच स्नानाच्या कुंडाशेजारीं होतें. फरक होता तो शेजारीं कोण बसलें आहे याचा.

भारतांत २०११ सालीं केटामिन अमली पदार्थांच्या कायद्याखालीं आणलें गेलें. हें नियंत्रण जगभर आणखी आवळावें असा प्रस्ताव चीननें २०१५ सालीं संयुक्त राष्ट्रांपुढें मांडला होता. परंतु तसें केल्यास गरीब देशांतील शस्त्रक्रियाच अडून बसतील, असा इशारा जागतिक आरोग्य संघटनेनें दिला आणि तो प्रस्ताव मागें पडला. कडी किती घट्ट लावावी, हा वाद यापुढेंही होत राहील.

आपल्याकडेही कांहीं रुग्णालयांतील मानसोपचारतज्ज्ञ निवडक रोग्यांना शिरेंतून हा उपचार देतात. घरांतील कोणासाठीं त्याचा विचार चालला असेल, तर कांहीं गोष्टी आधींच विचारून घ्याव्या. रक्तदाब व हृदय तपासलें आहे काय? औषध चालू असतांना श्वासाकडे पाहणारें, भुलेच्या कामांत मुरलेलें माणूस जवळ राहील काय? पहिल्या कांहीं वेळांनंतर गुण ओसरूं लागला तर पुढची योजना कोणती? नेहमींच्या गोळ्या व डॉक्टरांशीं बोलणें त्या काळांत चालू राहणार ना? मन हलकें झालेले ते पहिले चार दिवस या पुढच्या उपचारासाठीं फार मोलाचे असतात. ज्याला अंथरुणांतून उठवत नव्हतें, तो त्या दिवसांत डॉक्टरांशीं मोकळेपणानें बोलूं शकतो. आणि उपचाराच्या दिवशीं रोग्याला एकटें पाठवूं नये. परत आणण्यासाठीं कोणी तरी बरोबर जावें, आणि ती रात्र त्याच्या जवळपासच झोपावें.