प्रथिन थोडें, भय मोठें

घरांत गर्भिणी असतां कोणत्या आंकड्याकडे पहावें, हें आम्हांस गेल्या आषाढांत उमगलें. सूनबाईंस आठवा महिना. डोकें दुखे, डोळ्यांपुढें काजवे चमकत. लघवींत प्रथिन अगदीं अल्प निघालें, म्हणून आम्ही निश्चिंत! परंतु बल्लारपुरांतील डॉक्टरीणबाईंनीं रक्तदाब मोजला : १७०/११०. 'हा प्रीएक्लॅम्प्सिया' म्हणून त्यांनीं तत्काळ चंद्रपुरास धाडलें.

पूर्वीं लघवी नळींत तापवीत. प्रथिन अंड्याच्या पांढऱ्या बलकाप्रमाणें गोठे. (उपमेबद्दल सोंवळ्या वाचकांनीं क्षमा करावी.) चोवीस तासांत ३०० मिलिग्रॅम म्हणजे दोष, ५ ग्रॅम म्हणजे व्याधि तीव्र, असा दंडक होता. पैकीं दुसरा अमेरिकन प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेनें २०१३ सालीं सोडला. कारण प्रथिनाच्या मापावरून मातेचें व बालकाचें पुढें काय होईल, हें नीट वर्तवितां येत नाहीं. रक्तदाब चढून यकृत, मूत्रपिंड वा रक्तबिंबिका बिघडल्यास प्रथिनावांचूनहि निदान होतें.

आंकडी टाळण्यास मॅग्नेशियम सल्फेट टोंचतात. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या, ३३ देशांतील सुमारें १०,००० स्त्रियांवरील प्रयोगांत आंकडीचें भय त्यानें निम्म्याहून कमी झालें. सूनबाईंसहि तेंच दिलें. पहाटे प्रसूति झाली. नात दीड किलोची. तीन आठवडे कांचेच्या पेटींत होती. परवां तिचें उष्टावण झालें.