आधी प्रश्न, मग धडा

इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, म्हणजेच ‘आयबी’, ही संस्था १९६८ मध्ये जिनिव्हात स्थापन झाली. ३ ते १२ वर्षांच्या मुलांसाठीचा तिचा प्राथमिक कार्यक्रम १९९७ मध्ये आला. त्यातला अभ्यास सहा व्यापक सूत्रांभोवती गुंफलेला असतो. त्यांपैकी एक सूत्र पृथ्वी सगळ्यांनी वाटून घेण्याचं. त्यात पाणी शिकायचं, तर मुलं आधी प्रश्न काढतात: नळाला पाणी येतं कुठून? गळक्या नळातून दिवसात किती वाया जातं? मग नळाखाली मोजपात्र ठेवायचं, तासाचा हिशेब चोविसाने गुणायचा, आलेख काढायचा. गणित, विज्ञान, भाषा एकत्रच येतात. शिक्षक उत्तर सांगायची घाई करत नाहीत; मात्र वाचन-लेखन आणि आकडेमोडीला सुट्टी नसते. शेवटच्या वर्षी मुलं गटाने एखादा प्रश्न निवडून त्याचा शोध घेतात आणि तो सर्वांपुढे मांडतात.