‘ड’ जीवनसत्त्वाची न्यूनता : आकडे आणि व्याख्या

जगातील जवळजवळ निम्म्या लोकांत ‘ड’ जीवनसत्त्वाची न्यूनता आहे, असे विधान वारंवार केले जाते. त्याचे मोल ठरविण्यापूर्वी ‘न्यूनता’ या शब्दाचा अर्थ निश्चित करणे अगत्याचे आहे.

या जीवनसत्त्वाचा शरीरातील साठा रक्ततपासणीने मापतात. इ. स. २००० ते २०२२ या काळात ८१ देशांतील सुमारे ७९ लाख व्यक्तींच्या झालेल्या पाहण्यांचा एकत्रित आढावा २०२३ साली प्रसिद्ध झाला. दर मिलिलिटरमागे १२ नॅनोग्रॅम ही सीमा मानल्यास १५.७ टक्के, २० मानल्यास ४७.९ टक्के आणि ३० मानल्यास ७६.६ टक्के लोक तिच्या खाली आहेत, असे त्यात आढळले. आढावा एकच, संज्ञेची मर्यादा तेवढी बदलली.

यांपैकी १२ च्या खालील पातळी खरोखर चिंताजनक होय. तेथे बालकांत मुडदूस व प्रौढांत अस्थिमार्दव यांचा धोका वाढतो. वीसच्या अंकाची गोष्ट निराळी आहे. अमेरिकेतील ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’च्या २०११ च्या अहवालानुसार ही पातळी ९७.५ टक्के लोकांची गरज भागविते. सरासरी गरज १६ चीच आहे. जो अंक जवळजवळ सर्वांना पुरावा म्हणून योजिला, त्याच्या खालील प्रत्येकास न्यूनताग्रस्त म्हणणे तर्कदुष्ट ठरते. तीसची सीमा ‘एंडोक्राइन सोसायटी’ने २०११ मध्ये पुरस्कारिली होती, २०२४ मध्ये त्या संस्थेने वीस व तीस या दोन्ही सीमांचा पुरस्कार सोडून दिला.

तथापि, व्याख्या काटेकोर केल्याने प्रश्न नाहीसा होतो असे नाही. भारतातील २०१६–१८ च्या समग्र राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १२ चीच सीमा घेतली होती. तरीही १ ते ४ वर्षांच्या १४ टक्के, ५ ते ९ वर्षांच्या १८ टक्के आणि १० ते १९ वर्षांच्या २४ टक्के मुलामुलींत न्यूनता आढळली. ऊन मुबलक असलेल्या देशात असे व्हावे, याची कारणे उघड आहेत. हे जीवनसत्त्व मुख्यतः त्वचेवर पडणाऱ्या जंबुपार किरणांमुळे तयार होते. सावळ्या त्वचेस त्यासाठी अधिक काळ ऊन लागते. अंगभर वस्त्रे, घरातील वावर व दूषित हवा ते अडवितात. स्निग्ध मासे, अंड्यातील बलक असे मोजके पदार्थ सोडल्यास आहारातून ही उणीव भरून निघत नाही.

सारांश, सीमा सांगितल्यावाचून दिलेली टक्केवारी निरर्थक होय. सैल व्याख्येने निरोगी माणसे रुग्ण ठरतात आणि ज्या बालकांची हाडे खरोखर मऊ पडत आहेत, ती त्या गर्दीत दिसेनाशी होतात.