छोटे जेट : उभारणी आणि उड्डाणपूर्व जुळणी

दोन मीटर पंखविस्ताराचे, दहा-बारा किलो वजनाचे आणि जमिनीवर उभ्या असलेल्या चालकाच्या हातातील रेडिओ-संचावर चालणारे प्रतिकृती विमान ही आता केवळ परदेशी मासिकांतील छायाचित्रांत दिसणारी वस्तू राहिलेली नाही. अशा विमानाच्या पोटात पुष्कळदा विजेचा पंखा असतो. परंतु काही विमानांत खरेखुरे, केरोसीन जाळणारे टर्बाइन इंजिन बसविलेले असते. त्याचा व्यास मोठ्या तांब्याएवढा आणि वजन किलो-दीड किलोच्या घरात असते, पण कार्यतत्त्व प्रवासी विमानाच्या जेट इंजिनाचेच असते. एखादी शाळा, महाविद्यालय किंवा छंदमंडळ अशा विमानासाठी मोकळ्या माळाची परवानगी मागू लागले, तर ती देणाऱ्या ग्रामपंचायतीने आणि उपक्रमाची जबाबदारी घेणाऱ्या शिक्षकाने हे यंत्र काय आहे ते समजून घेणे अगत्याचे ठरते. खेळणे म्हणून त्याकडे पाहणे चुकीचे होईल, आणि घातक म्हणून सरसकट नाकारणेही तितकेच अविचाराचे होईल.

तीन परिचित यंत्रे

सातारा व सांगली जिल्ह्यांतील वाचकाला हे इंजिन समजावून घेण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये तत्कालीन औंध संस्थानच्या हद्दीत किर्लोस्करवाडी वसविली, आणि पुढे तेथील पंप गावोगावच्या विहिरींवर बसले. अशा पंपाच्या पोटात पाती असलेले एक चाक फिरत असते. पाणी चाकाच्या मध्यभागी शिरते, पात्यांच्या रेट्याने कडेकडे फेकले जाते, आणि बाहेरच्या आवरणात त्याच्या वेगाचे रूपांतर दाबात होते. जेट इंजिनाच्या पुढच्या टोकाला असणारा संपीडक हेच काम हवेवर करतो. फरक इतकाच की, हवा पाण्याच्या मानाने सुमारे आठशे पट हलकी असते. त्यामुळे पंपाच्या चाकाला मिनिटाला दीड-तीन हजार फेरे पुरतात, तर येथे लाखाच्या पुढे जावे लागते.

दाबलेली हवा पुढे ज्वलनकक्षात जाते. येथे ओगलेवाडी आठवावी. कऱ्हाडजवळच्या या गावी १९१६ मध्ये ओगले काचकारखाना उभा राहिला आणि तेथील प्रभाकर कंदील महाराष्ट्रभर गेला. कारखाना बंद पडून बरीच वर्षे झाली, परंतु कंदिलाची रचना अजूनही शिकविण्याजोगी आहे. ज्योतीला हवा हवी असते, पण तीच हवा थेट अंगावर आली तर ज्योत विझते. म्हणून कंदिलात ती ठराविक भोकांतून, ठराविक मार्गाने आत घेतलेली असते. ज्वलनकक्षाचे पातळ पत्र्याचे नळकांडेही असेच भोकाभोकांचे असते. शिरणाऱ्या हवेचा थोडा भाग प्रत्यक्ष ज्वलनात वापरला जातो, उरलेली हवा ज्योतीला आवरात ठेवते आणि निघणारे वायू पत्रा व चाक सोसतील इतपत थंड करते. केरोसीन मात्र वातीने चढत नाही. पंपाच्या स्टोव्हमध्ये तापलेल्या नळीतून जाताना त्याची वाफ होते आणि निळी ज्योत मिळते. येथेही ज्योतीत ठेवलेल्या आखूड नळ्यांत सुईसारख्या बारीक तोंडांतून इंधन सोडून त्याची वाफ करतात. भोके किती, कोठे आणि केवढी, यावरच इंजिन शांतपणे चालणार की मागून ज्वाळा फेकणार हे ठरते.

तिसरे यंत्र कोयनेचे. शिवाजीसागराचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेकडे जाते आणि पोफळीच्या वीजगृहात पावणेपाचशे मीटरच्या आसपास खाली उतरून टर्बाइनच्या पात्यांवर आदळते. छोट्या जेटमध्ये पाण्याच्या जागी तप्त वायू असतात. स्थिर पात्यांच्या एका कड्यातून ते तिरपे वळविले जातात आणि मागच्या चाकावर पडतात. पोफळीत पाण्याची जितकी शक्ती काढता येईल तितकी काढून जनित्राला देतात. जेट इंजिनात टर्बाइन फक्त पुढचा संपीडक फिरविण्यापुरती शक्ती घेते. उरलेली शक्ती मागच्या तोंडातून वेगवान झोताच्या रूपाने बाहेर पडते आणि विमानाला पुढे रेटते. दोन्ही चाके एकाच दांड्यावर असतात. हलणारा भाग असा एवढाच.

ट्रकच्या टर्बोचार्जरपासून

रचना इतकी साधी असूनही हौशी कारागिरांच्या हाती हे इंजिन उशिरा आले, कारण लहान आकारात होणाऱ्या गळतीचा आणि घर्षणाचा तोटा प्रमाणाने मोठा असतो. इंग्लंडमध्ये १९८३ मध्ये टर्बाइनवर चालणारे प्रतिकृती विमान उडाले. त्यानंतर जर्मनीत कुर्ट श्रेकलिंग यांनी घरगुती कार्यशाळेत बनेल असे इंजिन सिद्ध केले. त्यांच्या संपीडकाचे चाक चक्क प्लायवुडचे होते आणि फुटू नये म्हणून त्याला कार्बन-तंतूंचा वेढा दिलेला होता. सुतारकामाला या क्षेत्रात असे मानाचे स्थान एकदा तरी मिळाले. पुढे ट्रकच्या टर्बोचार्जरमधील तयार ॲल्युमिनियमचे चाक वापरण्याची पद्धत रूढ झाली आणि ‘केजे-६६’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आराखड्यावरून जगभर अनेकांनी इंजिने बनविली. नावातील ६६ हा आकडा संपीडकाच्या चाकाचा मिलिमीटरमधील व्यास होय. भारतात लष्कराच्या नेमबाजी सरावासाठी बनलेले ‘लक्ष्य’ हे चालकरहित विमानही रेडिओ-नियंत्रित जेटच आहे. त्याच्यासाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सने तयार केलेले इंजिन सुमारे ३८० किलोचा रेटा देते. प्रतिकृतीच्या इंजिनाचा रेटा सात-आठ किलोपासून वीस किलोपर्यंत असतो.

आता वेगाचा प्रश्न. ६६ मिलिमीटरचे चाक मिनिटाला १,१७,००० फेरे घेऊ लागले की, त्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ४०० मीटर, म्हणजे ध्वनीच्या वेगाहून अधिक होतो. समजा, या चाकाच्या एका बाजूला, मध्यापासून ३० मिलिमीटरवर, केवळ दहा मिलिग्रॅम धातू जास्त राहिला. रांगोळीची बारीक चिमूट याहून जड भरेल. पण त्या वेगाला एवढ्याशा धातूची ओढ साडेचार किलो वजनाइतकी होते आणि तिची दिशा सेकंदाला जवळजवळ दोन हजार वेळा बदलते. कोणतेही बेअरिंग हे फार काळ सोसू शकत नाही. म्हणून चाके व दांडा यांचे संतुलन हे या कामातील सर्वांत नाजूक प्रकरण आहे. कऱ्हाड, इस्लामपूर किंवा मिरजेच्या औद्योगिक वसाहतींतील कुशल लेथ-कारागीर दांडा, आवरण आणि तोंडाचा शंकू उत्तम काढू शकेल. परंतु टर्बाइनचे चाक लाल तापलेले असताना फिरते, त्यासाठी निकेलचा उष्णतारोधक मिश्रधातू लागतो, आणि त्याचे ओतकाम व तपासणी ही वेगळीच विद्या आहे. शालेय किंवा महाविद्यालयीन उपक्रमात इंजिन घरी बनविण्याचा मोह टाळावा, हेच योग्य. तपासून आलेले तयार इंजिन घ्यावे आणि विद्यार्थ्यांची बुद्धी व हात विमानाच्या सांगाड्याकडे आणि जुळणीकडे वळवावेत. शिकण्यासारखे तेथे भरपूर आहे.

जुळणी

इंधनाची टाकी विमानाच्या गुरुत्वमध्याशीच बसवावी लागते. पूर्ण रेट्याला दहा किलोच्या वर्गातील इंजिन मिनिटाला सुमारे एक-तृतीयांश लिटर केरोसीन पिते. दोन-तीन लिटर इंधन उड्डाणात संपत असताना टाकी पुढे किंवा मागे असेल, तर विमानाचा तोल हवेतच बदलत जाईल. तोल पाहताना मुख्य टाकी रिकामी व चाके उतरविलेली ठेवतात आणि आराखड्यात दिलेल्या बिंदूंवर पंख दोन बोटांवर उचलतात. नाक किंचित खाली झुकले तर चालेल. शेपूट खाली गेली तर मात्र विमान उडवू नये. पुढे वजन वाढवायला कौशल्य लागत नाही. शेपटाकडचे वजन मुळातच कमी ठेवायला ते लागते.

मुख्य टाकी आणि इंधनपंप यांच्यामध्ये एक छोटी टाकी असते. तिचे काम बुडबुडे अडविण्याचे. नळीतून हवेचा एक मोठा बुडबुडा इंजिनात गेला की, ज्योत विझते आणि विमान तत्क्षणी घसरपट्टी बनते. केरोसीनमध्ये शेकडा तीन ते पाच टक्के टर्बाइन-तेल मिसळतात, कारण बेअरिंगांना वंगण याच इंधनातून मिळते. तेल घालायला विसरले तर इंजिन त्याच दिवशी निकामी होऊ शकते. इंधनाबाबत आणखी एक गोष्ट अधिकारीवर्गाला सांगावयास नको : शिधापत्रिकेवर मिळणारे निळे केरोसीन स्वयंपाक व दिवाबत्तीसाठी आहे, ते या कामी वापरता येत नाही.

बाहेर पडणाऱ्या वायूंचे तापमान सहाशे अंश सेल्सिअसच्या आसपास असते. लाकडाच्या आणि फायबरच्या सांगाड्यातून हा झोत नेण्यासाठी दुहेरी भिंतीची पोलादी नळी बसवितात, आणि दोन भिंतींमधून वाहणारी थंड हवा सांगाड्याला वाचविते. सुरुवात व नियंत्रण एक इलेक्ट्रॉनिक पेटी करते. ती आधी विजेच्या मोटारीने दांडा फिरविते, ठिणगीऐवजी तापलेल्या तारेने ज्योत पेटविते, वेग व तापमान मोजत इंधन वाढविते आणि मर्यादा ओलांडली गेल्यास इंजिन बंद करते. आदल्या अपयशी प्रयत्नातील केरोसीन आत साचले असेल, तर पुढच्या प्रयत्नात मागून लांब ज्वाळा निघते. त्यामुळे कार्बन डायॉक्साइडचे अग्निशामक हाती घेतलेला मनुष्य शेजारी असल्याशिवाय इंजिन सुरू करू नये. विमानाच्या मागे व चाकांच्या पातळीत कोणी उभे राहू नये.

रेडिओ-संच २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर चालतात. संदेश तुटला तर काय व्हावे, हे संचात आधी भरून ठेवावे लागते आणि त्याचे उत्तर एकच आहे : इंजिन बंद. ही योजना कागदावर आहे म्हणून समाधान मानू नये. विमान घट्ट बांधून, इंजिन चालू ठेवून, हातातील संच मुद्दाम बंद करून पाहावा.

पंख्याच्या विमानाची सवय असलेला चालक जेटवर फसतो तो उतरताना. दट्ट्या ओढल्याबरोबर पंखा ओढ देतो. टर्बाइनला मंद गतीवरून पूर्ण रेट्यावर यायला काही सेकंद लागतात. जमीन जवळ आल्यावर वेग कमी पडल्याचे लक्षात आले, तर ते सेकंद हाती नसतात. उलट जमिनीवर टेकल्यानंतरही मंद झोत विमानाला पुढे ढकलत राहतो. म्हणून चाकांना ब्रेक आणि धावण्यास लांब, स्वच्छ पट्टी हवी.

मैदान व परवानगी

बारा किलोचे विमान ताशी २५० किलोमीटरने जात असेल, तर त्यातील गतिज ऊर्जा ताशी साठ किलोमीटरने धावणाऱ्या, स्वारासह दोनशे किलोच्या मोटारसायकलीइतकी असते. पंचायतीने मैदानाचा विचार करताना हा एकच हिशोब डोळ्यांसमोर ठेवला तरी बरेच प्रश्न सुटतील. रस्ता, वस्ती, शाळा आणि वीजवाहिन्या उड्डाणाच्या मार्गाखाली नसाव्यात. प्रेक्षक चालकाच्या पाठीमागे एकाच बाजूला असावेत. कृष्णाकाठी मोकळी जागा म्हटली की, शेजारी ऊस आलाच. वाळलेल्या पाचटात केरोसीनने भरलेले विमान पडले, तर एका शेतकऱ्याचे वर्षभराचे पीक जाऊ शकते. सड्यांवरचे गवत दिवाळीनंतर असेच पेटाऊ होते. चाळकेवाडीचे पठार मोकळे दिसते, पण तेथील वारा पवनचक्क्यांना मानवतो, प्रतिकृतीला नव्हे. कास पठारावर तर हा विषयच काढू नये.

२०२१ च्या ड्रोन नियमांनी शिक्षण, संशोधन वा छंदासाठी, नजरेच्या टप्प्यात उडविल्या जाणाऱ्या, २५ किलोपर्यंतच्या प्रतिकृती विमानांना प्रकार-प्रमाणपत्रातून सूट दिली. नोंदणी आणि हवाई क्षेत्राची बंधने मात्र त्यामुळे सुटत नाहीत. हिरव्या क्षेत्रातही साधारणपणे ४०० फुटांची मर्यादा आहे आणि विमानतळाच्या परिसरात ती आणखी आवळते. कऱ्हाडच्या धावपट्टीजवळील गावांनी अधिकृत नकाशा पाहिल्याशिवाय होकार देऊ नये. परवानग्यांचा मार्ग लांब असू शकतो, हे मूळचे सातारा जिल्ह्यातील कॅप्टन अमोल यादव यांच्या उदाहरणावरून दिसते. मुंबईत घराच्या गच्चीवर बांधलेले त्यांचे माणसे वाहून नेणारे विमान फेब्रुवारी २०१६ मध्ये प्रदर्शनात मांडले गेले आणि त्याची नोंदणी नोव्हेंबर २०१७ मध्ये झाली. प्रतिकृतीचा व्याप त्या मानाने पुष्कळच लहान आहे.

शाळांनी आरंभ जेटपासून करण्याचे कारण नाही. राष्ट्रीय छात्र सेनेच्या हवाई विभागात प्रतिकृती विमाने बनविण्याचे शिक्षण दीर्घकाळ दिले जात आहे. बाल्सा लाकडाचे घसरविमान, नंतर विजेच्या मोटारीचे शिकाऊ विमान, मग वेगवान पंखाविमान, या क्रमाने दोन-तीन वर्षे गेली की, टर्बाइन कोणाच्या हाती द्यावे हे शिक्षकाला आपोआप कळते. तोवर प्रत्येक उड्डाणाची नोंद वहीत ठेवण्याची सवय लावावी : इंधन किती गेले, सर्वोच्च तापमान किती, बॅटरी किती उतरली, कोणता स्क्रू सैल आढळला. उड्डाण संपल्यावर इंजिन बंद झाले तरी नियंत्रणपेटी काही वेळ दांडा मोटारीने फिरवीत ठेवते, कारण थंड हवा आतून गेली नाही तर साठलेल्या उष्णतेने बेअरिंगे जळतात. ते फिरणे थांबेपर्यंत वीज तोडू नये, आणि विमानाला हात लावू नये.