वणवा आणि भातखाचर

होळीच्या सुमारास पेण-रोह्याच्या डोंगरांवर वणवे दिसू लागतात. नवे गवत जोमाने यावे म्हणून काही जण मुद्दाम आग लावतात, तर काही वेळा राब भाजताना ठिणगी उडते. जाड सालीचा जुना साग तगतो. परंतु त्याची रोपे, रानकोंबडीची अंडी व मातीवरील पालापाचोळा ही सारी भस्म होतात. उघडी पडलेली माती पावसाबरोबर वाहते व ओढ्याकाठच्या खाचरांत रेती साचते. यास्तव राबाभोवतीचे गवत काढून पट्टा मोकळा ठेवावा, वारा पडल्यावरच राब भाजावा व विस्तव विझेपर्यंत तेथून हलू नये. त्याहून उत्तम म्हणजे शेणखत घातलेल्या गादीवाफ्यावर रोपे करावीत. वणवा दिसताच वनरक्षकास कळवावे.