घर विकताना : दलाली आणि वकिलाची फी

आजी-आजोबांच्या पश्चात गावातले घर विकायचे ठरले, तेव्हा ‘दलाली’ म्हणजे काय ते मला प्रथम कळले. अपेक्षित किंमत ४० लाख. दलालाने २ टक्के, म्हणजे ८० हजार मागितले. मुद्रांक शुल्क व नोंदणी फी आपल्याकडे बहुधा खरेदीदारच भरतो. विकणाऱ्याच्या वाट्याला येतात दलाल आणि वकील.

मला वाटले, टक्केवारी आहे म्हणजे दलाल भाव वाढवून घेईल. पण हिशेब मांडून पाहिला. भाव १ लाखाने वाढला, तर आपल्या पदरात ९८ हजार पडतात, त्याच्या फक्त २ हजार. मग ‘आलेले गिऱ्हाईक सोडू नका’ हाच त्याचा सल्ला असणार!

वकिलांची फी ठोक होती, १५ हजार. बाबांना तीही जड वाटली. वकिलांनी कागद पाहून विचारले, “मृत्युपत्र आहे?” नव्हते. म्हणजे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे दोन्ही आत्या बाबांइतक्याच वारस. बाबा गप्प झाले. आत्यांना बोलावले, सह्या तीन झाल्या, पैशाचे वाटेही तीन झाले.

तेव्हा मित्रहो, दलाली आधी लेखी ठरवा व खरेदीखत नोंदल्यावरच द्या. वकिलाची फी मात्र गिऱ्हाईक शोधण्याआधीच खर्च करा.